'नो'ला शांत म्हणू नका

आपल्या फोनवर जपान कसा येतो हे आता ठरून गेलंय. पांढरी भिंत, एक बोन्साय, चहाची वाटी आणि खाली एखादा शब्द: इकिगाई, काइझेन, वाबी-साबी, नाहीतर झेन. या मालिकेत अधूनमधून एक लाकडी मुखवटाही येतो. पांढराफटक चेहरा, अर्धवट उघडे ओठ, खऱ्या भुवयांच्या जागेपासून खूप वर कपाळावर रंगवलेल्या धूसर भुवया, डोळ्यांत दोन बारीक चौकोनी भोकं. हा 'नो' नाटकातल्या तरुण स्त्रीचा मुखवटा, को-ओमोते. त्याच्याखालची कॅप्शनही ठरलेली असते. जगातलं सगळ्यात शांत नाटक. साडेसहाशे वर्षांत काहीच बदललेलं नाही. साधेपणातलं सौंदर्य. भावनाशून्य चेहऱ्यामागची गूढ शांती.

मला यातल्या एकूण एक शब्दाशी भांडायचं आहे. 'नो' शांत नाही, साधं नाही, भावनाशून्य नाही आणि न बदललेलं तर अजिबातच नाही. तुम्ही म्हणाल, असू दे की, लोक कौतुकच तर करतायत. पण चुकीचं कौतुक फुकट पडत नाही. त्याची किंमत कुणीतरी मोजत असतं. 'नो'च्या बाबतीत ती कुणी मोजली, तेही सांगते.

आधी आवाज

'नो'चा प्रयोग एकदा हेडफोन लावून ऐका. नुसता ऐका, बघू नका. पहिल्या पाच मिनिटांत 'शांत' हा शब्द तुम्ही स्वतःहून मागे घ्याल.

मंचाच्या मागच्या बाजूला वादक बसलेले असतात. एक बासरी, नोकान. एक लहान ढोल उजव्या खांद्यावर धरलेला, कोत्सुझुमी. एक थोडा मोठा, डाव्या मांडीवर टेकवलेला, ओत्सुझुमी. आणि देव, भुतं, राक्षस येणार असतील अशा नाटकांत बहुधा चौथा, काठ्यांनी वाजवायचा ताइको. बाजूला साधारण आठ जणांचा कोरस.

आता ही बासरी बघा. आपल्या बासरीत जोर लावून फुंकलं की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. नोकानमध्ये तो धड मिळत नाही, आणि ही सोय मुद्दाम केलेली आहे. तोंडाचं भोक आणि पहिल्या बोटाचं भोक यांच्या मध्ये, नळीच्या आत, आणखी एक बारीक नळी बसवतात. तिचं नाव 'नोदो', म्हणजे घसा. या घशामुळे सप्तकाचं गणित बिघडतं, स्वर फाटतो, किंचाळतो. दोन नोकान एकमेकींशी जुळत नाहीत, आणि गाणाऱ्याच्या पट्टीशी जुळण्याची त्यांच्याकडून अपेक्षाही नसते. माझ्या धंद्यात याला बग म्हणून तिकीट उघडलं असतं. इथे याच बिघाडातून मेलेल्या माणसाच्या येण्याची वर्दी मिळते.

दोन ढोलांचं तर शेजाऱ्यांसारखं वैर आहे. दोघांवरही घोड्याचंच कातडं. पण ओत्सुझुमीचं कातडं प्रयोगाआधी कोळशाच्या निखाऱ्यांवर तापवून खडखडीत वाळवतात, इतकं की थोड्याच प्रयोगांत ते निकामी होतं. वाजवणारा बोटांना कागदाच्या थरांपासून बनवलेल्या कडक टोप्या घालतो, आणि थाप पडली की काठी मोडल्यासारखा 'कड्' आवाज येतो. कोत्सुझुमीला उलट ओल लागते. वादक मधूनच कातड्यावर तोंडाची वाफ सोडतो, ओलसर कागदाचा कपटा चिकटवतो, आणि त्यातून मऊ 'पोन्' असा आवाज काढतो. एकाच मंचावर एकाला उन्हाळा हवा आणि दुसऱ्याला पावसाळा.

या सगळ्यावर आरोळ्या. हे ढोलवाले नुसते वाजवत नाहीत, ते ओरडतात. "योऽऽ", "होऽऽ", "इयाऽऽ". पोटातून निघालेल्या, लांबवलेल्या, कधी हुंदक्यासारख्या हाका. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, याला काही दुखतंय का? पण या हाका शोभेच्या नाहीत. 'नो'मध्ये कंडक्टर नसतो. आठ मात्रांच्या आवर्तनात आपण कुठे आहोत, पुढची थाप किती लांबणार, हे वादक एकमेकांना आणि नटाला या हाकांतून कळवतात. मुख्य नट एका घराण्याचा, त्याच्यासमोर बसणारा दुय्यम नट दुसऱ्या घराण्याचा, प्रत्येक वाद्याचं घराणं वेगळं. प्रत्येक जण आपापलं काम लहानपणापासून वेगळं शिकून येतो आणि इतरांचंही पुरेसं शिकून घेतो. सगळ्यांनी मिळून तालीम करायची ती बहुतेक वेळा एकदाच, आणि प्रयोगही सहसा एकच. महिनाभर रोज तेच नाटक, असा प्रकार नाही. म्हणजे त्या दिवशी मंचावर जे घडतं त्यात खरी जोखीम असते. ती जोखीम कानाला ऐकू येते.

पुणेकरांसाठी इथे एक गंमत सांगायलाच हवी. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणतात, ते ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. मूळ कोराकुएन बांधवून घेतली इकेदा त्सुनामासा या सरदाराने. १६८७ मध्ये काम सुरू झालं आणि १७०० मध्ये पुरं झालं. हा सरदार 'नो'चा वेडा होता, स्वतः मंचावर नाचायचा. त्या बागेत 'नो'चा रंगमंच होता आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात जळाल्यावर तो पुन्हा बांधलाही गेला. आपल्याकडे आलं ते काय? तळं, हिरवळ, पूल, छाटलेली झाडं. जपानची शांतता आयात झाली आणि आरोळी तिकडेच राहिली. यात बाग बांधणाऱ्यांचा दोष नाही. पण आपण जपानकडून काय उचलतो आणि काय सोडून देतो, याचं याहून नेमकं चित्र मला सापडत नाही.

मग साधेपणा

'नो'चा मंच रिकामा असतो हे खरं. साधारण सहा मीटर लांब-रुंद हिनोकी लाकडाचा चौक, चार खांब, वर छप्पर, मागच्या भिंतीवर रंगवलेलं पाइनचं झाड, डावीकडून येणारा एक लांब पूल. नाटकात नाव हवी असेल तर बांबूची चौकट करून तिला पांढरी पट्टी गुंडाळतात, झाली नाव. एवढंच बघितलं की लोक 'मिनिमलिझम' म्हणून मोकळे होतात.

पण त्या रिकाम्या चौकात जो माणूस उभा राहतो त्याच्या अंगावर काय असतं ते बघा. कारा-ओरी हा स्त्रीभूमिकांचा मुख्य बाहेरचा पोशाख. नावाचा अर्थ 'चिनी विणकाम'. क्योतोच्या निशिजिन भागातल्या मागांवर विणलेलं जाड रेशीम, त्यात रंगीत धागे असे उचललेले की भरतकाम वाटावं, मध्ये सोन्याची झाक. कापड इतकं ताठ की आतल्या शरीराचा आकारच पुसला जातो. आणि हे नुसतं श्रीमंतीचं प्रदर्शन नाही, ही भाषा आहे. कारा-ओरीत लाल रंग असेल तर बाई तरुण, लाल नसेल तर वय झालेली. आतल्या गळपट्टीचा रंगही बोलतो. पांढरा म्हणजे पात्राचा मान मोठा. आतल्या कपड्यावर त्रिकोणांची नक्षी दिसली की समजायचं, हे सापाचे खवले आहेत, ही बाई लवकरच बाई राहणार नाही. नट तोंड उघडायच्या आधी कपड्यांनी निम्मी गोष्ट सांगून टाकलेली असते.

या कपड्यांचा इतिहासही मिनिमलिझमच्या शिकवणुकीत बसत नाही. जुन्या काळी प्रयोगावर खूश झालेले सरदार आपल्या अंगावरचा उंची झगा उतरवून नटाला देत. 'नो'च्या पोशाखाचं वैभव तिथून सुरू झालं. सत्तेच्या अंगावरून उतरलेलं रेशीम हलक्या समजल्या जाणाऱ्या माणसाच्या अंगावर चढलं.

'आओई नो उए' नावाचं नाटक आहे. 'गेंजीची कथा' या कादंबरीतल्या प्रसंगावर बेतलेलं. राजपुत्र गेंजीची गरोदर बायको आओई आजारी पडली आहे, कारण गेंजीने सोडून दिलेल्या रोकुजो या उच्चकुलीन बाईचा मत्सर तिला छळतोय. रोकुजो जिवंत आहे, पण तिचा मत्सर शरीर सोडून हिंडतोय. नाटकाला नाव आओईचं, पण आओईची भूमिका करायला नटच नाही. मंचाच्या पुढच्या बाजूला एक घडी घातलेलं किमोनो ठेवतात. तीच आओई. रोकुजो त्या कापडावर पंखा उगारून तुटून पडते आणि आपल्याला खरोखर एका बाईला मार बसताना दिसतो. याला साधेपणा म्हणणं म्हणजे आळस आहे. यांनी एका बाईच्या अंगावर रेशमाचा डोंगर चढवला आणि दुसरीचं शरीरच काढून घेतलं. दोन्ही निर्णय तितकेच टोकाचे आहेत.

मुखवटा

आता त्या 'भावनाशून्य' चेहऱ्याकडे येऊ.

'नो'चा मुखवटा हिनोकीच्या एका ठोकळ्यातून कोरतात. त्यावर शिंपल्यांची पूड सरसात कालवून तिचे थर देतात, मग रंग. तो नटाच्या चेहऱ्यापेक्षा लहान असतो, त्यामुळे खाली खऱ्या माणसाची हनुवटी दिसत राहते. ती लपवायचा कुणी प्रयत्नही करत नाही. भोकं इतकी बारीक की नटाला समोरचं जेमतेम दिसतं. मंचाच्या कोपऱ्यातला एक खांब पाहून तो आपण कुठे आहोत याचा अंदाज घेतो. मुखवटा चढवण्यासाठी आरसे असलेली वेगळी खोली असते. तिथे नट मुखवट्याला नमस्कार करतो, तो चढवतो आणि आरशात पाहत बसतो. आणि मुखवटा सगळेच घालत नाहीत. मुख्य नट घालतो, त्याचा साथीदार कधी घालतो, पण समोरचा दुय्यम नट कधीच नाही. मुख्य नट काही भूमिकांत उघड्या चेहऱ्याने येतो तेव्हा तो चेहराही मुखवट्यासारखाच स्थिर ठेवायचा असतो. भुवई उडवायची मुभा नाही.

मुखवटा किंचित वर केला की तो 'उजळतो' आणि खाली झुकवला की 'झाकोळतो', असं 'नो'ची परिभाषा सांगते. इंटरनेटवरच्या लेखांत हे वाक्य छापील उत्तरासारखं येतं: वर म्हणजे हसू, खाली म्हणजे रडू. प्रकरण इतकं सरळ नाही. २००० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात यावर एक शोधनिबंध आला. जपानी आणि ब्रिटिश प्रेक्षकांना एकाच मुखवट्याची वेगवेगळ्या कोनांतली चित्रं दाखवून विचारलं, हा चेहरा आनंदी आहे की दुःखी? पुढे झुकलेला मुखवटा लोकांना जास्त वेळा आनंदी वाटला आणि मागे कललेला दुःखी. परंपरेच्या बरोबर उलट! पण जपानी प्रेक्षकांचं उत्तर पूर्ण तसं नव्हतं. मुखवटा मागे कललेला असतानाही त्यांना त्यात आनंद दिसत राहिला, आणि तो फारच पुढे झुकला की दुःख दिसू लागलं.

मला या प्रयोगातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की लाकूड एकच होतं. भाव लाकडात नव्हता. कोन, उजेड आणि बघणाऱ्याने आयुष्यभर पाहिलेले चेहरे, यांच्या मध्ये कुठेतरी तो तयार झाला. को-ओमोतेच्या ओठांवर भाव कोरलेला नाही, तो अर्ध्यात सोडलेला आहे. तो पुरा करायचं काम तुमचं. म्हणून 'मला यात काहीच भाव दिसत नाही' ही तक्रार मुखवट्याबद्दल काही सांगत नाही. ती सांगते की बघणारा अजून कामाला बसलेला नाही. आपला फोन आपल्याला नेमकं हेच काम करू देत नाही. तिथे दुःखी प्रसंगाला दुःखी गाणं लावून मिळतं, विनोदाला हशा. आपण काय वाटून घ्यायचं ते आधीच भरून आलेलं असतं. अशी ॲप बनवणाऱ्यांच्याच व्यवसायात मी आहे, त्यामुळे हे भरून देणं किती विचारपूर्वक केलं जातं ते ठाऊक आहे.

आणि ज्या मुखवट्यावर भाव कोरलेला आहे, त्याचं आपण काय केलं? हान्या. दोन शिंगं, सोनेरी डोळे, फाकलेला जबडा, सोनेरी दात. टी-शर्टवर, दंडावरच्या टॅटूत, गेमच्या पोस्टरवर 'जपानी राक्षस' म्हणून हिंडणारा चेहरा. तो राक्षस नाही. ती बाई आहे. ती रोकुजो आहे, मत्सराने आणि अपमानाने शिंगं फुटलेली. जबडा झाकून नुसतं कपाळ आणि भुवया पाहा: त्या रडताहेत. कपाळ झाकून नुसतं तोंड पाहा: ते फाडून खायला निघालंय. दोन्ही एकाच चेहऱ्यावर आहेत, आणि मान खाली गेली की रडणं वर येतं. बाई उच्चकुलीन असेल तर मुखवट्याचा रंग फिकट, रानटी राक्षसीण असेल तर गडद. म्हणजे रागालाही वर्ग आहे.

आणि नाव? 'हान्या' हा बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात पोचलेला आपल्या ओळखीचाच शब्द आहे: प्रज्ञा. पालीतलं पञ्ञा, चिनी लिपीत लिहिलं गेलं आणि जपानी तोंडात हान्या झालं. मुखवट्याला हे नाव तो कोरणाऱ्या हान्या नावाच्या भिक्षूवरून पडलं अशी आख्यायिका आहे. नाटकातही रोकुजोची आसुरी मत्सरमूर्ती शरण येते ती मंत्रपठण ऐकून, आणि त्या आवाजाला ती हान्याचाच आवाज म्हणते. महाराष्ट्रात शाळेच्या प्रत्येक वर्गात एक तरी प्रज्ञा असते. प्रज्ञा, शील, करुणा हे तीन शब्द इथल्या लाखो घरांत भिंतीवर आहेत. जगातल्या सगळ्यात संतापलेल्या मुखवट्याचं नाव प्रज्ञा आहे, हे त्या घरांतल्या मुलींना कुणीतरी सांगायला हवं. रागाच्या आत शहाणपण असू शकतं ही कल्पना आपल्यालाच जास्त ओळखीची वाटेल.

"काहीच बदललेलं नाही"

आता मुख्य भांडण.

चौदाव्या शतकात 'नो' हे नावही पक्कं नव्हतं. त्याला सारुगाकू म्हणत, आणि ते करणारे लोक समाजाच्या तळाचे. कानामी आणि त्याचा मुलगा झेआमी यांचा प्रयोग १३७५च्या सुमाराला शोगुन आशिकागा योशिमित्सुने पाहिला आणि पोराला आश्रय दिला. १३७८ मध्ये शोगुन त्या पोराला घेऊन गिओनचा उत्सव बघायला बसला, तर एका दरबाऱ्याने आपल्या रोजनिशीत नाराजी नोंदवली की हा सारुगाकूचा धंदा म्हणजे भिकाऱ्यांचं काम. आज ज्याला अभिजात, अलौकिक म्हणतात त्याची ही सुरुवात. पुढे हाच झेआमी म्हातारपणी, १४३४ मध्ये, सादो बेटावर हद्दपार झाला.

त्या काळी एका दिवसात आजच्यापेक्षा कितीतरी जास्त नाटकं होत. त्यावरून अभ्यासक मानतात की तेव्हाची गती आजच्या जवळजवळ दुप्पट असावी. म्हणजे ज्या संथपणाला आपण सनातन म्हणून हात जोडतो तो नंतर आलेला आहे. का आला? सोळाव्या शतकाच्या अखेरीस हिदेयोशीला 'नो'चं वेड लागलं. त्याने स्वतःच्या पराक्रमावर नाटकं लिहवून घेतली आणि त्यांत स्वतःच नाचला. त्यानंतर तोकुगावा शोगुनांनी 'नो'ला सरकारी समारंभाचा दर्जा दिला. घराणी ठरली, पगार ठरले, चुकलं तर शिक्षा ठरल्या. सामान्य माणसाला ते बघायला मिळणं हा अपवाद झाला. कला सरकारी झाली की तिला घाई राहत नाही. हा संथपणा ध्यानातून कमी आणि प्रोटोकॉलमधून जास्त आला, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग १८६८ उजाडलं. शोगुनशाही कोसळली आणि पगार बंद झाले. मुखवटे आणि पोशाख विकले गेले, नट दुसऱ्या कामांना लागले. 'नो' तेव्हा मेलं नाही ते उमेवाका मिनोरूसारख्या हट्टी नटांमुळे आणि इवाकुरा तोमोमी या मुत्सद्द्यामुळे. इवाकुराने युरोपच्या दौऱ्यात ऑपेरा पाहिला, पाहुण्या राजांपुढे राष्ट्रं आपली कला कशी मिरवतात ते पाहिलं, आणि ठरवलं की आपल्यालाही एक असलं काहीतरी हवं. १८७९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट जपानला आले तेव्हा त्यांना इवाकुराच्या घरी 'नो' दाखवलं गेलं. १८८१ मध्ये तोक्योच्या शिबा बागेत नवं नाट्यगृह उभं राहिलं. 'सारुगाकू' या शब्दाला जुना हलका वास होता, म्हणून तो मागे सारून 'नोगाकू' हे भारदस्त नाव रूढ केलं गेलं. नाव बदललं, प्रेक्षक बदलला, मंचाची जागा बदलली. पूर्वी मंच उघड्यावर असे. आता तो छपरासकट इमारतीच्या आत आहे. घराच्या आत घर. आज कांझे घराण्याचं नाट्यगृह तोक्योच्या गिन्झा सिक्स या मॉलच्या तळघरात आहे, लक्झरी ब्रँडांच्या दुकानांखाली.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकी बलिदानाचा गौरव करणारी नवी 'नो' नाटकंही रचली गेली. 'काहीच बदललं नाही' म्हणणाऱ्यांना हा भागही आपसूक पुसता येतो, हे लक्षात ठेवा.

आणि संस्थापकाचं काय म्हणणं होतं? झेआमीने आपल्या वारसांसाठी लिहिलेले ग्रंथ शतकानुशतकं घराण्यांत गुप्त राहिले. १९०९ मध्ये ते छापून आले. त्यांत तो नटाच्या कलेला फूल म्हणतो, आणि बजावतो की फूल, रंजकता आणि नावीन्य या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. फूल आवडतं कारण ते गळतं आणि पुन्हा नव्याने येतं. ज्या माणसाच्या नावाने न बदलण्याची शपथ घेतात तो स्वतः हे सांगून गेला आहे.

किंमत कुणी मोजली

या खोट्याची किंमत मोजली बायकांनी.

'नो' ही पुरुषांची कला, मुखवट्यामागे पुरुषच हवा, आवाजही पुरुषी हवा, कारण परंपराच तशी: हे वाक्य इतक्यांदा म्हटलं गेलंय की ते निसर्गनियमासारखं वाटतं. पण पंधराव्या शतकात बायकांच्या सारुगाकू मंडळ्या होत्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कानामीने आपल्या नाटकात जो क्रांतिकारक बदल केला, तालाला प्राधान्य देणारा कुसेमाई हा नृत्यगायनाचा प्रकार त्यात आणला, तो तो ओत्सुझुरू नावाच्या एका नर्तकीकडून शिकला. ही माहिती झेआमीनेच लिहून ठेवली आहे. म्हणजे 'नो'च्या गाभ्यातला ताल एका बाईच्या परंपरेतून आलाय. १६२९ मध्ये शोगुनशाहीने बायकांना रंगमंचावर बंदी घातली. बंदी सरकारने घातली आणि बिल परंपरेच्या नावावर फाडलं.

विसाव्या शतकात त्सुमुरा किमिको ही तरुण बाई कोरियात 'नो'च्या मंचावर उभी राहिली, तर तिला घराण्यातून काढून टाकलं गेलं. तिने थांबायचं नाकारलं, स्वतःची मंडळी उभी केली. व्यावसायिक नटांच्या संघटनेत बायकांना सभासद म्हणून प्रवेश मिळाला तो १९४८ मध्ये. सरकार ज्या कलाकारांना या अमूर्त वारशाचे अधिकृत धारक मानतं, त्या गटात पहिल्या बायका आल्या २००४ मध्ये. मधली छप्पन्न वर्षं त्या शिकत होत्या, शिकवत होत्या, प्रयोग करत होत्या आणि तरी वारस नव्हत्या. २००१ मध्ये युनेस्कोने 'नोगाकू'ला मानवजातीचा ठेवा जाहीर केलं. त्याच यादीत आपलं कुडियाट्टमही होतं. मानवजातीचा ठेवा झाला, पण त्यातल्या अर्ध्या मानवजातीला अजून तीन वर्षं थांबायचं होतं.

म्हणून मला 'न बदललेली कला' हे कौतुक निरागस वाटत नाही. कुठली गोष्ट परंपरा आणि कुठली नुसती सवय, हे ठरवायची सत्ता या वाक्यातून जुन्या माणसांकडे जाते. दारात उभ्या असलेल्या नवीन माणसाला ते वाक्य दाखवून परत पाठवता येतं.

"मग काय, रील करायची का?"

समोरच्याचा एक मुद्दा मात्र मी गांभीर्याने घेते. तो म्हणेल, बदलाचं दार उघडलं की बाजार आत येतो. उद्या 'नो'ची वीस मिनिटांची पर्यटक आवृत्ती निघेल, मुखवटे प्लास्टिकचे होतील, वादकांच्या आरोळ्या ऑटोट्यून होतील. ब्रेक नको का?

हवा. पण आतापर्यंत झालेले बदल पाहा. १९५७ मध्ये कुरोसावाने 'थ्रोन ऑफ ब्लड' केला, त्यात लेडी मॅकबेथचा चेहरा मुखवट्यासारखा ठेवला आणि मागे नोकान वाजवली. मॅकबेथ त्यामुळे स्वस्त झालं का? १९९१ मध्ये तादा तोमिओ यांनी 'मुम्यो नो इ' हे नवं 'नो' आणलं. तादा हे जागतिक कीर्तीचे इम्युनॉलॉजिस्ट. नाटकाचं नाव 'अविद्येची विहीर', कारण मुम्यो म्हणजे आपली अविद्याच. विषय हृदय-प्रत्यारोपण. मेंदू मेलेल्या एका कोळ्याचं हृदय काढून एका बाईला बसवलेलं आहे. त्या दोघांची भुतं येतात. हृदय काढलं तेव्हा मी मेलो होतो की जिवंत, हे त्याला कळत नाही, आणि दुसऱ्याच्या हृदयावर जगल्याचं ओझं तिला सोडत नाही. जपानमध्ये तेव्हा मेंदूमृत्यूवर खरोखर वाद पेटला होता. अवयव-प्रत्यारोपणाचा कायदा १९९७ मध्ये झाला. सहा वर्षं आधी हा प्रश्न मंचावर उभा राहिला, आणि तो धरू शकणारा साचा सहा शतकं जुना होता: भूत येतं, बोलतं, आणि कुणीतरी समोर बसून ऐकतं.

२०२२ मध्ये 'डीमन स्लेयर'चं 'नो-क्योगेन' रूपांतर झालं, नोमुरा मान्साइ यांच्या दिग्दर्शनाखाली, त्याच मॉलखालच्या नाट्यगृहात. तुमच्यापैकी ज्यांनी ती मालिका पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. तान्जिरो राक्षसाला मारतो आणि मरणाऱ्या राक्षसाचा हात हातात घेतो, कारण तोही कधीतरी माणूस होता. 'नो' अगदी हेच सतत करत आलंय. हान्या हेच सांगते. बाजार आत आला हे खरं, पण तो इथे घरचाच पाहुणा निघाला.

सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट लवकर कळते. वीस वर्षं चालणारी सिस्टीम न बदलता चालत नाही. कुणीतरी रात्री-अपरात्री तिची दुरुस्ती करत असतं, म्हणून ती वरून न बदललेली दिसते. 'कशी अजून तशीच चालते नाही!' असं कौतुक करणारा माणूस त्या दुरुस्तीवाल्याला अदृश्य करतो. निखाऱ्यावर कातडं तापवणारा, मुखवट्याला नमस्कार करणारा, घराण्याने काढल्यावरही गात राहिलेली बाई आणि प्रयोगशाळेतून घरी येऊन भुताचे संवाद लिहिणारा शास्त्रज्ञ, हे 'नो'चे दुरुस्तीवाले आहेत.

त्यामुळे पुढच्या वेळी तो पांढरा चेहरा फोनवर आला की सेव्ह करण्याआधी तासभर काढा. एक पूर्ण प्रयोग शोधा, अगदी 'आओई नो उए'च शोधा, आणि मध्ये थांबवू नका. कंटाळा येईल. येऊ द्या. तोक्योच्या राष्ट्रीय 'नो' नाट्यगृहात जपानी प्रेक्षकांसाठीसुद्धा समोरच्या खुर्चीच्या पाठीवर छोट्या पडद्यावर शब्द उमटतात, तेव्हा सगळं समजलं नाही म्हणून लाजायचं कारण नाही. फक्त ते जमिनीवरचं घडी केलेलं किमोनो बघत राहा आणि त्याच्यावर चालून येणाऱ्या प्रज्ञेची मान कधी खाली जाते ते पकडा. ते दिसल्यावर तुम्ही त्या नाटकाला काय वाटेल ते म्हणा. शांत मात्र म्हणणार नाही.